वैजयंतीबाईंची लादी आणि पाहुणी

वैजयंतीबाई घागांकडे चहाला जायचं म्हणजे आधी स्वतःचे तळपाय बघून जावं लागायचं. दारात एक पायपुसणं, आत दुसरं, आणि ती दोन्ही ओलांडून गेलात तरी बाईंची नजर तुमच्या पावलांवरच. चहा फक्कड मिळायचा, सोबत चकलीही यायची. पण चकलीचा एखादा कण खाली पडला, की बोलता बोलता बाई वाकून तो बोटाने टिपून घ्यायच्या आणि वर हसून म्हणायच्या, "असू दे हो, असू दे." असू दे म्हणे! तो कण आणखी जरा वेळ तिथे राहिला असता तर बाईंच्या घशाखाली घास उतरला नसता.

खांदेश्वर स्टेशनपासून चालत जाता येईल अशी त्यांची सोसायटी, दुसरा मजला, आणि घरभर पांढरी शुभ्र लादी. सकाळी एकदा फिनाइलने, संध्याकाळी एकदा नुसत्या पाण्याने, आणि पाहुणे येणार असतील तर मधे आणखी एकदा. नवरा सुभाषराव तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये जन्मभर नोकरी करून घरी बसलेले. ते बिचारे लादी वाळेपर्यंत पलंगावर पाय वर घेऊन पेपर वाचायचे. एकदा खालून कुरिअरवाला हाका मारून मारून निघून गेला, पण हा माणूस ओल्या लादीवर उतरला नाही. "कुरिअर परत येईल," ते म्हणाले, "आमची शांतता यायची नाही."

पण हसायच्या आधी हेही ऐका. संगमेश्वरकडच्या ज्या घरात बाई वाढल्या तिथे जमीन शेणाने सारवलेली. लग्न होऊन तुर्भ्याला ज्या खोलीत आल्या ती खाणीच्या रस्त्यावर. दिवसभर खडीचे ट्रक जायचे. भाकरी थापताना परातीत धूळ, पाण्याच्या कळशीत धूळ, झोपलेल्या लहानग्या लेकाच्या, शौनकच्या, पापण्यांवर धूळ. बाई पॅकिंगच्या कारखान्यात उभ्याने काम करून यायच्या आणि आल्या आल्या झाडू घ्यायच्या. झाडून मागे वळावं तर पुन्हा तेच. एवढं वाईट वाटायचं त्यांना, की एकदा झाडूच फेकून दिला आणि उंबऱ्यावर बसून रडल्या. त्यामुळे या घरात पांढरी लादी बसली तेव्हा बाईंनी पहिल्या दिवशी चप्पल काढून नुसत्या इकडून तिकडे फेऱ्या मारल्या होत्या. त्यांच्या लेखी ती लादी नव्हती, इतक्या वर्षांच्या कष्टांचं फळ होतं.

आता त्या फळाचा त्रास दुसऱ्यांना व्हायचा, तो भाग वेगळा. सून वैदेही लग्न होऊन आली ती मोकळ्या स्वभावाची, न्हाणीघरातून ओल्या पायांनी गाणं गुणगुणत बाहेर येणारी. "अगं, पाय पुसून ये." बाई रागावून नाही म्हणायच्या, अगदी साखर घालून म्हणायच्या. पण रोज म्हणायच्या. हळूहळू वैदेहीचं गुणगुणणं थांबलं. मग ती न्हाणीच्या दारात थांबून एकेक पाय पुसायची, तळवा उलटा करून बघायची आणि मगच बाहेर यायची. पुढे शौनकने पुण्याला नोकरी धरली. पुण्यात असं काय होतं जे इथे नव्हतं, ते त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती, म्हणा ना. दोघं आता गौरीला तेवढी यायची.

शेजारी राहायची साबिरा. रायगडातल्या किनाऱ्यावरच्या गावातली, तोंडाने बडबडी, मनाने लोण्यासारखी. उन्हाळ्यात ती माहेराहून आली ती पिशवीत बदकाचं पिल्लू घेऊन. गावच्या कोंबडीने आपल्या अंड्यांबरोबर ते उबवलं होतं, पण ते पाण्यात शिरलं तेव्हा कोंबडीने अशी हाय खाल्ली, की ती त्याला जवळ घेईना. साबिराला दया आली. पण तिच्या नवऱ्याला, झहूरभाईंना, त्या पिसांनी शिंका सुरू झाल्या.

"ताई, दोनच दिवस ठेवा ना," साबिरा दारात उभी. "मी गावाला कुनाच्या हाती परत धाडते."

"माझ्या घरात? बदक?" बाईंचा आवाज चढला. "वेडी का काय तू?"

तेवढ्यात ते पिवळं पिल्लू पिशवीतून बाहेर पडलं, दोन्ही पायपुसणी तुडवत थेट आत आलं आणि बाईंच्या पायाच्या अंगठ्यावर मान टेकून झोपलं. बाई तशाच उभ्या. पाय हलवावा तर पिल्लू उठेल. सुभाषराव पलंगावरून म्हणाले, "बघ, पाय पुसून आली नाही ही. हाकल." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

नाव ठेवायचं नाही असं ठरलं होतं, दोन दिवसांची पाहुणी म्हणून. मग पाहुणी हेच नाव पडलं. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले तरी गावाला जाणारं कुणी साबिराला सापडेना, आणि बाईही तिला आठवण करून देईनात.

पाहुणीला एकटं राहणं ठाऊक नव्हतं. बाई स्वयंपाकघरात की ही स्वयंपाकघरात, बाई देवापाशी की ही देवापाशी. मागे शिंतोडे टाकत जायची आणि बाई मागोमाग फडकं घेऊन. "मेली घाणेरडी," म्हणायच्या आणि तिच्यासाठी मऊ भात कालवायच्या. बाईंच्या घरात इतक्या वर्षांत कुणी बेधडक असं मागे मागे फिरलं नव्हतं. सुभाषराव एकदा साबिराला हळूच म्हणाले, "घरात बोलणं वाढलंय गं. माझ्याशी नाही, बदकाशी. पण वाढलंय."

आणि मग एका सकाळी पाहुणी उठलीच नाही. म्हणजे उठायला गेली आणि डावा पाय बाजूला घसरला. पुन्हा उठली, पुन्हा घसरला. बाईंना वाटलं झोपेत आहे. दुपारपर्यंत कळलं, ती झोपेत नाही. ती पोटावर सरपटत होती, पंखांनी वल्हवल्यासारखं करत बाईंकडे यायला बघत होती. उचलून उताणी केली तर तळव्याला लाल चट्टा.

बाईंचा जीव टांगणीला लागला. आणि घाबरलेला माणूस जे येतं तेच करतो. बाईंना काय येत होतं? पुसणं! घाणीतून काहीतरी लागलं असणार, जंतू झाले असणार. मग फिनाइलचं प्रमाण वाढलं. दिवसातून दोनदा पुसायच्या तिथे उठल्या बसल्या पुसायला लागल्या. शेवटी फरशीला चकाकी आणणारं ते पातळ औषध असतं, तेही फासलं. पाहुणीचे तळवेही त्याच फिनाइलच्या पाण्यात फडकं पिळून पुसले. काम अगदी चोख. आणि पाहुणी दिवसेंदिवस जास्तच बसकी व्हायला लागली. आता उजवा पायही बाहेर फाकायला लागला.

"ताई, चला डॉक्टरकडे," साबिराने शेवटी दम दिला. "किती पुसाल?"

वाशीला पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर गीतांजली म्हणून आहेत, तिथे दोघी रिक्षाने गेल्या. पाहुणी भाजीच्या टोपलीत, वर बाईंचा पदर. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, तळवे बघितले, वजन केलं.

"खायला काय देता?"

"मऊ भात. पोळी. कधी पाव."

डॉक्टरांनी मान हलवली. "वाढत्या बदकाला एक जीवनसत्त्व भरपूर लागतं, ते नसलं की पाय अधू होतात. ते मी देते. घरात फरशी कसली आहे?"

आता हा प्रश्न बाईंना विचारावा? इतक्या काळजीतसुद्धा त्यांची मान जरा ताठ झाली. "व्हिट्रिफाइड हो. पांढरी. अगदी आरशासारखी ठेवते. दोन वेळा पुसते. आता हिला बरं नाही म्हणून तर चार-चार वेळा पुसतेय, वर चकाकीचं औषधही लावलंय."

डॉक्टरांनी पाहुणीचे तळवे पुन्हा एकदा बघितले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, तिचे पाय तिथेच घसरतायत. बदकाच्या पायाला माती लागते, गवत लागतं. गुळगुळीत फरशीवर रोज थोडे थोडे फाकत गेले. आणि तळव्याची कातडी फिनाइलने सोलली गेलीय."

बाईंच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. साबिराने त्यांचा हात धरला.

"चालेल का ती?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. औषध द्या, रोज टबात पोहू द्या, पोटाखाली कापड धरून चालवा. आणि फरशीवर एक पाऊलही नको. पायांनी जोर धरला तर चालेल. नाही धरला तर तिला असं सरपटत ठेवणं बरं नाही, तेव्हा तिला त्रासातून मोकळं करण्याचा विचार करावा लागेल."

रिक्षात बाई टोपलीवरचा पदर सावरत बसल्या. घर जवळ आल्यावर साबिरा म्हणाली, "मी गावाला नेऊ का तिला?" मग स्वतःच म्हणाली, "पन लंगडं बदक गावात कोन पोसतो ताई? खोटं कशाला बोलू. चुलीवरच जाईल."

"काही नेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "मी मोडलेत तिचे पाय, मीच उभे करीन."

बोलायला सोपं होतं. बाईंनी सुरुवातीला मधला मार्ग काढला. गॅलरीत मातीचा थर घातला, वर चटई, कडेला टब. पाहुणी गॅलरीत, लादी लादीच्या जागी, दोघींची सोय! पण पाहुणीला सोय नको होती, बाई हव्या होत्या. गॅलरीत ठेवलं की ती असा आक्रोश करायची की खालच्या मजल्यावरून फोन. आणि दाराला जरा फट दिसली की स्वतःला ढकलत, घसरत, आपटत लादीवरून बाईंपर्यंत यायची. औषधाने सकाळी जे कमवायचं ते संध्याकाळी त्या लादीवर घालवायचं. तळव्याच्या चट्ट्यातून एकदा रक्ताची रेघ उमटली, पांढऱ्या लादीवर, गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत. बाईंनी सवयीने फडकं घेतलं, वाकल्या आणि तशाच खाली बसल्या.

"अहो," त्यांनी सुभाषरावांना हाक मारली. "मार्केटातून गोणपाट आणता येतील का? पुष्कळ. सगळ्या घराला पुरतील एवढे."

सुभाषरावांनी पेपर खाली ठेवला. बायकोकडे बघितलं, लादीकडे बघितलं. "तुला ताप वगैरे नाही ना?"

"जाताय की मी जाऊ?"

सुभाषराव गेले. जुन्या ओळखीच्या गाळ्यावरून रिकाम्या पोत्यांचा हा एवढा गठ्ठा रिक्षात घालून आणला, मोठ्या ऐटीत हॉलमध्ये सोडला आणि झटकला. पोती मिरचीची होती! पहिली शिंक सुभाषरावांची, मग बाईंची, मग भिंतीपलीकडून झहूरभाईंची, मग जिन्यात सेक्रेटरी मानसिंग यांची. पाहुणीला घेऊन बाई न्हाणीघरात पळाल्या आणि आतूनच ओरडल्या, "अख्खा जन्म मसाल्यात काढलात, मिरचीचं पोतं ओळखू येत नाही?" मग साबिराने आणि बाईंनी गच्चीत ती पोती चार-पाच पाण्यांतून काढली. ती वाळत घातलेली बघून मानसिंग म्हणाले, "घागबाई, ही सोसायटी आहे की मार्केट यार्ड?" बाई म्हणाल्या, "दवाखाना आहे." त्यावर ते निमूट जिना उतरले, कारण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

त्या दिवसापासून घागांच्या घरातली लादी दिसेनाशी झाली. हॉलमध्ये गोणपाट, स्वयंपाकघरात गोणपाट, देवापुढे गोणपाट. त्यावर पाहुणीची घाण व्हायची, मग खराब पोती काढायची, धुतलेली घालायची, कठड्यावर वाळवायची. घराला कायम जरासा ओल्या सुतळीचा वास. बाईंना सुरुवातीला रात्री झोप येईना. पहाटे उठून गोणपाटाचा एक कोपरा उचलून खालची लादी बघायच्या आणि पुन्हा झाकून टाकायच्या.

पण पाहुणीचं काम डोळ्यांत तेल घालून चाललं होतं. सकाळी पाण्यात औषध, वाटाणे कुस्करून, पालेभाजी चिरून. मग टबात कोमट पाणी, बाईंचा एक तळहात तिच्या पोटाखाली. पाण्यात ती पाय मारायची, आधी एकच, मग डावाही, लटपटत. मग अंग कोरडं करून तळव्याला मलम. दुपारी सुभाषरावांची पाळी. जुन्या पंच्याची झोळी तिच्या पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं हातात धरायची आणि कमरेत वाकून हॉलभर हळूहळू चालायचं. "माझी कंबर जाईल आणि हिचे पाय येतील," ते कुरकुरायचे. पण पाळी कधी चुकवली नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी सुभाषरावांनी झोळी सैल सोडली आणि त्यांच्या लक्षात आलं, की ओझं लागत नाहीये. पाहुणी उभी होती. डावा पाय जरा आत वळलेला, पण उभी. तिने एक पाऊल टाकलं, कलंडली, सावरली, आणि ठुमकत, लंगडत बाईंच्या पायाशी जाऊन मोठ्ठा आवाज काढला. "अगं बाई, अगं बाई," एवढंच बाईंच्या तोंडून येत होतं. सुभाषराव डोळे पुसत म्हणाले, "माझ्याकडे नाही आली. कंबर माझी गेली."

आणि गौरी आल्या.

घागांचा गणपती गावाला दिरांकडे बसायचा, पण गौर बाई हौसेने इथेच आणायच्या. सुनेने खाली सोसायटीच्या तुळशीपासून तेरड्याची गौर आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायचं. दारात तिचे पाय पाण्याने धुवायचे. लादीवर कुंकवाची पावलं काढलेली असतात, त्यांवरून ती आत येते. आतून कुणीतरी विचारायचं, गौर कशाच्या पावलांनी आली? आणि सुनेने सांगायचं, सोन्याच्या पावलांनी आली. ती कुंकवाची पावलं पांढऱ्या लादीवर अशी उठून दिसायची, की बिल्डिंगमधल्या बायका फोटो काढायला यायच्या.

शौनक आणि वैदेही सकाळी येणार होते. बाईंना धीर निघेना. गोणपाटांवर गौर आणायची? कुंकवाची पावलं पोत्यावर काढायची? "एकच दिवस," त्या सुभाषरावांना म्हणाल्या. सुभाषरावांनी पाहुणीकडे बघितलं. उजाडताच बाईंनी सगळी पोती गुंडाळली आणि पलंगाखाली सारली. पाहुणी गॅलरीत. इतक्या महिन्यांनी लादी पुसली. ती चमकली तशा बाईही खुलल्या. खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटलं.

शौनक, वैदेही आले. वैदेहीने दोन्ही पायपुसण्यांवर पाय पुसले, तळवे उलटे करून बघितले आणि कडेकडेने चालत येऊन वाकून नमस्कार केला. बाईंना ते दिसलं. मनात कुठेतरी बोचलंही. पण गौरीची गडबड होती. पावलं काढून झाली, शौनकने ताट आणि पळी वाजवायला घेतली, आणि वैदेही गौर आणायला खाली गेली.

गॅलरीचं दार नीट लागलं नव्हतं. ताट वाजलं तशी पाहुणी टबातून निथळत बाहेर आली, फटीतून मान घातली आणि बाईंना बघून आनंदाने धावली. हो, धावली. लादीवर तिसऱ्या पावलाला डावा पाय सर्रकन बाजूला गेला. ती आपटली. उठायला बघितलं, पुन्हा गेला. पोटावर पडून ती पंख आपटत राहिली आणि बाईंकडे बघत राहिली.

"थांबव ते ताट!" बाई किंचाळल्या.

नऊवारीचा काष्टा खोचलेल्या बाई पलंगाखाली शिरल्या. पोती ओढली, अंथरली, आणखी ओढली. कुंकवाची पावलं पोत्यांखाली फरफटली, पुसली गेली, बाईंचे हात लाल झाले. शौनक पळी हातात धरून बघत होता. बाईंनी पाहुणीला उचलून गोणपाटावर ठेवलं आणि पोटाखाली हात धरला. "ऊठ गं माझे बाई. एक दिवससुद्धा असं करायला नको होतं मी. ऊठ." पाहुणी थरथरत बसून राहिली. मग तिने उजवा पाय रोवला. डावा हळूच आत ओढला, तोही रोवला. उभी राहिली. बाईंनी हात काढला तरी उभीच राहिली.

सुभाषरावांचा जीव भांड्यात पडला आणि ते खुर्चीत बसले.

तेवढ्यात दारात वैदेही. हातात गौर, डोक्यावरून पदर. साबिराने हौसेने तिच्या पायांवर पाणी घातलं. वैदेहीने आत बघितलं. ती गेली तेव्हा आरसा होता, आता सगळीकडे पोती. पोत्यांवर बदक, सासूच्या हातांना कुंकू. तिला काही कळेना, पण जुनी सवय मोडली नव्हती. तिची नजर खाली वळली. पायपुसणी या घाईत कुठल्या कुठे गेली होती.

"आई, पुसायला काही देता?" ती उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली. "पाय ओले आहेत माझे."

बाईंना एकदम भरून आलं. किती वर्षं ही पोर अशी दारात थांबत होती, आणि आपण ते टापटीप समजत होतो. पाहुणीचे पाय दिसले, हिचे दिसलेच नाहीत.

"नको पुसूस गं," बाई म्हणाल्या. "तशीच ये आत."

वैदेहीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग पाऊल आत टाकलं. पोत्यावर ओला ठसा उमटला. मग दुसरा. पाहुणी लंगडत तिच्या पुढे पुढे चालली होती, तिचेही ओले ठसे, एक सरळ आणि एक आत वळलेला. शौनकने पुन्हा ताट वाजवलं. सुभाषरावांनी घसा खाकरून विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

उत्तर सुनेने द्यायचं असतं. पण वैदेहीने सासूकडे बघितलं.

"ओल्या पावलांनी आली," बाई म्हणाल्या.